वेगवान मोटारीचे इंजिन सुरू होताना दिसणारा धूर : कारणे व परीक्षा

धुरावरून इंजिनाच्या प्रकृतीचा अंदाज बांधण्याची रीत मोटारीइतकीच जुनी आहे. निळा धूर म्हणजे वंगणतेल, पांढरा म्हणजे पाणी आणि काळा म्हणजे जादा पेट्रोल, असे तिचे सूत्र आहे व ते गॅरेजमधील शिकाऊ मुलापासून अभियांत्रिकीच्या पदवीधरापर्यंत सर्वांना पाठ असते. हे सूत्र खोटे नाही, परंतु अपुरे आहे. आणि ज्या मोटारींचे इंजिन उघडणे अतिशय खर्चाचे असते, नेमके त्यांच्याच बाबतीत ते अधिक अपुरे पडते. आठ-दहा दिवस उभ्या असलेल्या एखाद्या पोर्शे ९११ चे इंजिन सकाळी सुरू केले असता मागून निळसर पांढऱ्या धुराचा लोट निघावा आणि अर्ध्या-एक मिनिटात तो नाहीसा व्हावा, हा प्रकार त्या गाडीच्या मालकांच्या नेहमीच्या पाहण्यातला आहे. तसाच लोट त्याच जातीच्या दुसऱ्या गाडीतून निघतो, पाच मिनिटांनीही थांबत नाही, आणि तेथे इंजिन तत्काळ बंद करणे भाग असते. रंग दोहोंचा एकच. भेद असतो तो काळाचा. धूर केव्हा दिसला, किती वेळ टिकला आणि त्यापूर्वी इंजिन कोणत्या स्थितीत होते, या तीन गोष्टींची नोंद रंगापेक्षा अधिक सांगून जाते, हे प्रस्तुत लेखात पोर्शेच्या आडव्या सहा-सिलिंडर इंजिनाच्या उदाहरणाने दाखविले आहे.

रंगाचा अर्थ व त्याची मर्यादा

एक लिटर पेट्रोल पूर्णपणे जळाले म्हणजे सुमारे एक लिटर पाणी तयार होते. हे विधान प्रथम ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटते; पण ऑक्टेनच्या ज्वलनाचे समीकरण मांडून पाहिल्यास ते सहज पटते. एक्झॉस्टमधून बाहेर पडणाऱ्या वायूंत घनफळाच्या मानाने सुमारे १४ टक्के वाफ असते आणि तिचा दवबिंदू ५० अंश सेल्सिअसच्या किंचित वर येतो. सायलेन्सरचा पत्रा याहून थंड असेपर्यंत पाणी आतल्या आत जमते व नळीच्या तोंडातून ठिबकते. उरलेली वाफ बाहेरच्या थंड हवेत मिसळताच तिचे धुके बनते. स्टुटगार्टला, जेथे पोर्शेचा कारखाना आहे, जानेवारीतील सकाळी असे धुके प्रत्येक निरोगी गाडीच्या मागे दिसते व पुष्कळ वेळ टिकते. मुंबईच्या मे महिन्यात ते जवळजवळ दिसतच नाही. तेव्हा परदेशी पुस्तिकेतील ‘पांढरा धूर नेहमीचाच’ हा दिलासा कोकणपट्टीवर जसाच्या तसा घेणे धोक्याचे आहे. ३० अंशांच्या हवेत पांढरा लोट टिकून राहिला तर तो वाफेचा असण्याचा संभव फार थोडा.

निळ्या रंगाची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. वंगणतेलात निळे असे काहीच नसते. तेलाची वाफ निवून तिचे जे अतिसूक्ष्म थेंब बनतात त्यांचा व्यास प्रकाशाच्या तरंगलांबीहून लहान असला, तर ते आखूड तरंगांचे, म्हणजे निळ्या प्रकाशाचे, विकिरण अधिक करतात. टिंडल याने १८६९ साली प्रयोगाने पाहिलेली आणि रॅले याने १८७१ साली गणिताने मांडलेली हीच ती घटना. म्हणून हा धूर गडद झाडीच्या पार्श्वभूमीवर निळा दिसतो, तर उजळ आकाशाकडे पाहताना तोच तांबूस-पिवळट भासतो. थेंब मोठे झाले, त्यांचा व्यास मायक्रॉनच्या पलीकडे गेला, म्हणजे सर्व रंगांचे विकिरण सारखेच होऊ लागते आणि धूर पांढरा दिसतो. याचा व्यवहारातील अर्थ महत्त्वाचा आहे. थोडे तेल अर्धवट जळून बाहेर पडले तर धूर निळा. पुष्कळ तेल न जळता केवळ वाफ होऊन बाहेर पडले तर धूर पांढरा. तेलाचा दोष जितका मोठा तितका त्याचा धूर पाण्याच्या वाफेसारखा दिसू लागतो, आणि सूत्रावर विसंबणारा परीक्षक नेमक्या त्याच वेळी गॅस्केटवर संशय घेऊन सिलिंडर हेड उतरवावयास निघतो.

लोटाच्या आकारमानावरूनही असाच गैरसमज होतो. एक घनसेंटिमीटर तेल अर्ध्या मायक्रॉन व्यासाच्या थेंबांत विभागले गेले, तर थेंबांची संख्या सुमारे १५ लाख कोटी होते व त्यांच्या छेदांचे एकूण क्षेत्रफळ ३ चौरस मीटर भरते. एका चहाच्या चमच्यात ५ घनसेंटिमीटर तेल मावते. म्हणजे चमचाभर तेलाला गल्ली धुराने भरून टाकता येते. धूर फार म्हणून दोष फार, हे अनुमान या हिशेबापुढे टिकत नाही.

काळ्या धुराविषयी थोडक्यात सांगता येईल. तो कार्बनच्या काजळीचा असतो व पेट्रोल हवेच्या मानाने जास्त झाल्याचे दाखवितो. वजनाने १४.७ भाग हवेस १ भाग पेट्रोल हे योग्य प्रमाण असले, तरी थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नसल्याने प्रारंभी ते मुद्दाम अधिक सोडावे लागते. त्यामुळे पहिल्या काही क्षणांतील करडी झाक दोषाची निदर्शक नव्हे. इंजिन तापल्यावरही काळे निघत राहिले तर तापमान मोजणारा संवेदक चुकीचे सांगत आहे, इंजेक्टर गळत आहे, किंवा १९७३ पासून ९११ वर आलेल्या के-जेट्रॉनिक पद्धतीच्या गाड्यांत गरम होण्याच्या काळातील दाब नियंत्रित करणारा भाग बिघडला आहे, असे समजावे.

आडव्या इंजिनात तेल कोठे साचते

पोर्शे ९११ ही गाडी १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात प्रथम मांडली गेली व १९६४ पासून तिचे उत्पादन सुरू झाले. तिच्या इंजिनात तीन-तीन सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले असतात. उभ्या इंजिनात गाडी थांबल्यावर तेल पिस्टनपासून दूर, खाली संपमध्ये उतरते. सिलिंडरच्या वर राहिलेले तेल केवळ झडपांच्या दांड्यांवाटे आत झिरपू शकते. आडव्या इंजिनात ही सोय नाही. सिलिंडरच्या भिंतीचा खालचा अर्धा भाग एखाद्या फळीप्रमाणे आडवा राहतो आणि त्यावर उडालेले तेल तेथेच पडून राहते. पिस्टन रिंगांच्या टोकांमधील फट जर त्या वेळी खालच्या अंगाला आली असेल तर तेल रात्रभरात हळूहळू ज्वलनकक्षात उतरते.

रिंगा चालत्या इंजिनात आपल्या खोबणीत सावकाश फिरत असतात. इंजिन बंद होते त्या क्षणी फट कोठे थांबेल याला नियम नाही. म्हणूनच एके दिवशी मोठा लोट आणि पुढील आठ दिवस काहीच नाही, असा लहरी प्रकार घडतो व मालक हैराण होतो. वस्तुतः हा लहरीपणाच दिलासा देणारा आहे. झिजलेल्या रिंगा किंवा फाटलेला पडदा अशी सुटी घेत नाहीत.

ज्यांना या स्पष्टीकरणाविषयी शंका वाटत असेल त्यांना बीएमडब्ल्यूच्या जुन्या आडव्या दोन-सिलिंडरी मोटारसायकलींचे उदाहरण पुरेसे आहे. बाजूच्या स्टँडवर ठेवली की गाडी डावीकडे कलते, डावा सिलिंडर खाली जातो, आणि सकाळी धूर निघतो तो डाव्या नळीतून. मधल्या स्टँडवर ठेवल्यास निघत नाही. मोटारीवरही हा प्रयोग करता येतो. ती एक रात्र डावीकडे उतरत्या जागेवर व दुसऱ्या रात्री उजवीकडे उतरत्या जागेवर उभी करावी. दोन्ही बाजूंच्या नळ्या आत एकत्र होत नसतील आणि धुराची बाजू उताराबरोबर बदलली, तर कारण गुरुत्वाकर्षणात आहे, झिजेत नाही.

हवेने थंड होणाऱ्या ९११ मध्ये, म्हणजे १९९८ पर्यंतच्या गाड्यांत, आणखी एक विशेष आहे. तिचे सुमारे १० लिटर तेल मुख्यतः एका वेगळ्या टाकीत राहते. एक पंप ते इंजिनाला पुरवितो, दुसरा खाली उतरलेले तेल उपसून टाकीत परत नेतो. गाडी कित्येक आठवडे उभी राहिली तर टाकीतील तेल पंपाच्या फटींतून क्रँककेसमध्ये उतरते आणि पहिल्या सुरुवातीला धूर होतो. यातच मालकाच्या काळजीने निर्माण होणारा एक दोष आहे. या इंजिनाचे तेल ते पूर्ण तापलेले असताना, मंदगतीवर चालू ठेवून, सपाट जागी मोजावयाचे असते. थंड व बंद इंजिनात डिपस्टिक तेल कमी असल्याचे दाखविते. मालक घाबरून लिटरभर ओततो. जास्तीचे तेल श्वासनळीवाटे हवेच्या गाळणीत व तेथून सिलिंडरांत जाते. मग धूर आला म्हणून इंजिन उघडण्याची चर्चा सुरू होते. तेलाची पातळी योग्य रीतीने पाहिल्याशिवाय दुसरी कोणतीही परीक्षा सुरू करू नये, असे म्हणणे म्हणूनच अतिशयोक्तीचे नाही.

झडपांच्या मार्गदर्शक नळ्या झिजल्याने येणारा धूर याहून वेगळा ओळखता येतो. या इंजिनात एक्झॉस्टच्या झडपा खालच्या बाजूस असतात व उभ्या गाडीत तेल त्यांच्याच भोवती गोळा होते. ते नळीतून झिरपले तर थेट एक्झॉस्टच्या मार्गात पडते, ज्वलनकक्षात नाही. परिणामी धूर तर निघतो, पण स्पार्क प्लग कोरडे व स्वच्छ सापडतात. इनलेटकडील नळ्या झिजल्या असतील तर लांब उतारावर, उदाहरणार्थ घाट उतरताना, ॲक्सिलरेटर सोडून इंजिनाच्या ओढीवर गाडी आल्यानंतर पुन्हा पाय देताच एक झपकारा दिसतो. कारण बंद थ्रॉटलच्या निर्वाताने तेल खेचले गेलेले असते. रिंगा झिजल्या असतील तर धूर चढावर, भार असताना, सतत दिसतो.

विभाजकाचा पडदा

१९९६ साली बॉक्स्टरबरोबर पोर्शेने पाण्याने थंड होणारे नवे इंजिन आणले. त्याचे नाव एम ९६. पुढच्याच वर्षी सादर झालेल्या ९९६ या ९११ च्या नव्या पिढीतही तेच कुटुंब आले. यात स्वतंत्र टाकी नाही. क्रँककेसमधील वायू पुन्हा इनलेटमध्ये नेताना त्यांतील तेल वेगळे करणारा एक विभाजक इंजिनाच्या वरच्या अंगास बसविलेला असतो, व त्यातील एका लवचीक पडद्याने क्रँककेसमधील निर्वात मर्यादेत ठेवला जातो. हा पडदा काळाने कडक होतो आणि फाटतो. फाटला की इनलेटमधील सगळा निर्वात क्रँककेसवर पडतो आणि वायूंबरोबर तेलही ओढले जाऊ लागते.

वरवर पाहता हा प्रकार रात्री साचलेल्या तेलासारखाच वाटतो. इंजिन सुरू होते आणि पांढरा लोट निघतो. पण एक मिनिट गेले, दोन गेली, तरी तो ओसरत नाही. उलट दाट होतो. इंजिन अडखळत चालते, कोठूनतरी शिटीसारखा आवाज येतो, आणि तेल ओतण्याचे झाकण चालू इंजिनावर उघडू गेल्यास ते जणू आतून कोणी धरून ठेवल्याप्रमाणे घट्ट लागते. साध्या पाण्याच्या यू-नळीने मोजल्यास निरोगी इंजिनात मंदगतीवर पाण्याच्या सुमारे १० ते १५ सेंटिमीटर उंचीइतका निर्वात आढळतो. पडदा फाटल्यावर तो याच्या दुपटी-तिपटीवर जातो. ही परीक्षा दहा मिनिटांची आहे, आणि विभाजक हा बदलून टाकावयाचा भाग आहे. हेड उतरविण्यापूर्वी ती केली जात नाही, ही खेदाची गोष्ट म्हटली पाहिजे.

येथे विलंब का चालत नाही, तेही पाहिले पाहिजे. ३.४ लिटरच्या एम ९६ इंजिनात एका सिलिंडरचे घनफळ सुमारे ५६५ घनसेंटिमीटर व दाबप्रमाण ११.३ आहे. पिस्टन अगदी वर, म्हणजे या इंजिनात अगदी बाहेरच्या टोकाला, गेला असता उरणारी जागा त्यावरून सुमारे ५५ घनसेंटिमीटर निघते, म्हणजे अर्धा पेलाही नाही. तेवढे तेल एका सिलिंडरात आले की पिस्टनला पुढे जावयास जागाच उरत नाही. द्रव दबत नाही, आणि क्रँक तर फिरतच असतो. अशा वेळी वाकतो तो कनेक्टिंग रॉड. काही शेकडा रुपयांच्या रबरी पडद्यापायी सारे इंजिन निकामी होण्याचा हा मार्ग आहे.

टर्बो असलेल्या गाड्यांत, ज्यांची परंपरा ९११ मध्ये १९७५ पासूनची आहे, आणखी एक संशयित वाढतो. टर्बोच्या दंडाचा वेग मिनिटाला लाखाच्या वर फेरे इतका जातो, त्यामुळे तेथे रबरी सील चालत नाहीत. पिस्टन रिंगेसारखी कडी असते व तेल आत राहते ते मुख्यतः वायूच्या दाबामुळे आणि तेल वेळेवर निघून गेल्यामुळे. ९११ मध्ये टर्बो खालच्या अंगास असल्याने ते तेल आपोआप परत वाहत नाही, उपसावे लागते. उपसा कमी पडला की तेल टर्बोत तुंबते. त्याची खूण अशी की, सुरुवातीला धूर बेताचा असतो, पण इंजिन तापल्यावर काही मिनिटे मंदगतीवर ठेवून मग वेग दिला की मोठा लोट निघतो.

परीक्षेचा क्रम

इंजिन सुरू करण्यापूर्वीच अर्धी परीक्षा होऊन गेलेली असते. गाडी किती तास उभी होती, जागेला उतार होता काय व कोणत्या बाजूला, हवेचे तापमान किती, आणि मागील खेपेस इंजिन पूर्ण तापले होते की गाडी केवळ दारातून आत घेऊन बंद केली होती, हे लिहून घ्यावे. शेवटच्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावे. अर्ध्या मिनिटाच्या चालण्यात जादा पेट्रोल सिलिंडरची भिंत धुऊन काढते, पाणी सायलेन्सरमध्ये जमते, आणि दुसऱ्या दिवशीचा धूर या दोहोंचा असतो.

नंतर मोकळ्या जागी, कारण थंड इंजिनाच्या वायूंत कार्बन मोनॉक्साइड पुष्कळ असतो, एकाने इंजिन सुरू करावे व दुसऱ्याने बाजूला उभे राहून घड्याळ पाहावे. नळीच्या तोंडाशी क्षणभर थंड काच धरावी. पाणी असेल तर ती वाळून स्वच्छ होते. तेल असेल तर बोटाला लागणारा ओशट डाग राहतो. काजळी कोरडी असते. कूलंट जळत असेल तर त्यातील ग्लायकोलमुळे किंचित गोडसर वास येतो. तो मुद्दाम हुंगत राहू नये, कारण त्याहून चांगली परीक्षा उपलब्ध आहे. कूलंटच्या टाकीवरील वायू ब्रोमोथायमॉल ब्लू या दर्शकाच्या निळ्या द्रावणातून ओढला असता, त्यात ज्वलनातील कार्बन डायऑक्साइड मिसळलेला असल्यास द्रावण पिवळे होते. तसे झाले तर गॅस्केट गेली आहे किंवा हेडला चीर आहे.

धूर दर वेळी व दीर्घकाळ येत असेल तर सिलिंडर गळतीची परीक्षा करावी लागते. पिस्टन वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडतात व किती टक्के निसटते ते मोजतात. १० टक्क्यांपर्यंतची गळती साधारण मानली जाते. आकड्यापेक्षा हवा कोठून निघते हे ऐकणे अधिक उपयोगाचे: तेलाच्या झाकणातून सूं असा आवाज आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्टची झडप, थ्रॉटलपाशी आला तर इनलेटची, कूलंटच्या टाकीत बुडबुडे आले तर गॅस्केट.

मात्र एम ९६ व त्यानंतरच्या एम ९७ इंजिनांत ही विश्वासाची परीक्षा फसवू शकते. या इंजिनांचे सिलिंडर लोकासिल नावाच्या, ॲल्युमिनिअममध्ये सिलिकॉनचे कण बसविलेल्या पद्धतीचे आहेत, आणि काहींत, विशेषतः ३.६ व ३.८ लिटरच्या इंजिनांत, त्यांच्या भिंतींवर उभे ओरखडे पडल्याचे आढळते. ओरखडे असतात ते पिस्टनच्या धावेच्या मधल्या-खालच्या भागात. गळतीची परीक्षा होते ती पिस्टन वर असताना, रिंगांच्या मागच्या चांगल्या भिंतीवर. त्यामुळे आकडा निर्दोष येतो आणि इंजिन आतून खरवडलेले असते. तेलाचा खप वाढत जाणे, एकाच बाजूची नळी अधिक काजळलेली असणे, थंड इंजिनात ठोक्यासारखा आवाज येणे आणि सकाळचा धूर आठवड्यागणिक लांबत जाणे, अशी लक्षणे एकत्र दिसली तर पिस्टन खाली नेऊन प्लगच्या भोकातून एंडोस्कोप घालावा, किंवा संपचे झाकण उतरवून खालून पाहावे. दोषी सिलिंडर बहुधा एकाच बाजूचे असतात, तरी सहाही पाहिल्याशिवाय परीक्षा पूर्ण झाली असे समजू नये.

दोष सापडून दुरुस्ती झाल्यानंतरही पहिले काही दिवस धूर दिसतो. सायलेन्सरमध्ये व इनलेटच्या नळ्यांत साचलेले तेल हळूहळू तापून उडून जावे लागते, आणि त्यासाठी एक-दोन लांब प्रवास लागतात. विभाजक बदलताना इनलेट पुसून घेतले नसल्यास अधिकच. दीर्घकाळ तेल जाळलेल्या गाडीत त्या तेलातील फॉस्फरसचा थर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या पृष्ठभागावर बसलेला असतो, आणि तो मात्र प्रवासाने जात नाही.